पहिला प्लॉट आणि भिंतीवरचा एक कागद

मा. जिल्हाधिकारी, धाराशिव यांस,



होळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. चाकणच्या एका कारखान्यात तो नऊ वर्षं आहे. पाळ्यांचं काम करतो, चौघांत मिळून एक खोली घेऊन राहतो. या नऊ वर्षांत त्यानं सहा लाख रुपये बाजूला टाकले. चहा होईपर्यंत त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. हिरव्या रंगात आखलेले प्लॉट, मधून रस्ता, कोपऱ्यात बाग आणि वर मोठ्या अक्षरांत ‘शहरापासून दहा मिनिटांवर’. म्हणाला, “बाई, आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी घेतोय. एकदा बघून सांगा.” मी विचारलं, सातबारा पाहिलास का? “एजंट म्हणाले, सगळं क्लिअर आहे.” गट नंबर कितीचा? तो त्याला माहीत नव्हता. नऊ वर्षांची कमाई ज्या जमिनीत घालायची, तिचा गट नंबर त्याला कुणी सांगितला नव्हता, आणि तो विचारायचा असतो हेही कुणी सांगितलं नव्हतं. एक्कावन्न हजार रुपये इसार मात्र देऊन झाला होता. खरेदी अक्षय तृतीयेला करायची ठरली आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत तेहतीस वर्षं शिकवलं. लांबी गुणिले रुंदी म्हणजे क्षेत्रफळ, हे या मुलाला मीच शिकवलं. त्याच्या पुढचं शिकवलं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं आणि मलाही ते फार उशिरा कळलं. ते ज्या दप्तरांत लिहिलेलं आहे ती दप्तरं आपल्या अखत्यारीत आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. वर्तमानपत्रातून लिहिते, कारण त्या मुलासारखे शेकडो जण दर दिवाळीला, दर पाडव्याला पुण्याहून, मुंबईहून, हैदराबादहून आपल्या आठ तालुक्यांत परत येतात आणि पहिला प्लॉट शोधतात. त्यांनीही हे वाचावं.

शहरातल्या माणसाला गुंतवणूक म्हटलं की शेअर आठवतो, म्युच्युअल फंड आठवतो. आमच्याकडे जमीन आठवते. ज्यानं दुष्काळात विहीर आटलेली पाहिली, बैल विकलेले पाहिले, त्याला जाग्यावर राहणारी वस्तू हवी असते. त्यात आता रस्त्यांच्या आणि रुळांच्या बातम्या आल्या आहेत. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा ८४.४४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग होतो आहे. तुळजाभवानी मंदिराच्या विकासासाठी २०२५ मध्ये १,८६५ कोटींचा आराखडा मंजूर झाला. पवनारपासून पत्रादेवीपर्यंतच्या शक्तिपीठ महामार्गाची रेघ आपल्या जिल्ह्यातून काढलेली आहे. कौडगावच्या औद्योगिक वसाहतीबद्दल नित्य काही ना काही ऐकू येतं. यातली प्रत्येक बातमी आली की आठवड्याच्या आत तिच्या नावानं ले-आउटचं एक रंगीत चित्र मोबाइलवर फिरू लागतं. रूळ कुठून जाणार आणि स्टेशन कुठं होणार हे चित्र काढणाऱ्याला ठाऊक असतंच असं नाही. माझ्या सासऱ्यांच्या पिढीला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येडशीला जाऊन पकडावी लागायची. जिल्ह्याच्या गावाला स्वतःचं स्टेशन मिळालं ते लाइन रुंद झाल्यावर. रेल्वेच्या बातमीवर जमीन घेऊन वाट बघणं काय असतं, हे इथल्या म्हाताऱ्यांना विचारावं.

जमिनीचा कागद माणसाचं आयुष्य कसं आखतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर. आमचं गाव तेव्हाच्या उमरगा तालुक्यात, आताच्या लोहाऱ्यात. पहाटे चारला चार मिनिटं कमी होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. जे आत होते त्यातले फार थोडे बाहेर आले. त्याबद्दल मी इथं लिहीत नाही. पुढं पुनर्वसनाची घरं आली तेव्हा कुणाला केवढं घर मिळणार हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावर असेल तर ७५०. आमच्या घरी आठ एकर होती, आम्हाला चारशेचं घर मिळालं. या विद्यार्थ्याचे आजोबा दुसऱ्याच्या रानात सालगडी होते, त्यांना अडीचशेचं. घरात माणसं त्यांच्याकडे जास्त होती. पण माणसं मोजली नव्हती, सातबारा मोजला होता. तो मुलगा त्या अडीचशे चौरस फुटांत वाढला. तो बाराशे फुटांचा प्लॉट का मागतो आहे, हे मला त्यानं सांगावं लागलं नाही.

आता माझं सांगते. २००१ साली आम्ही धाराशिव शहराबाहेर तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतला, बेचाळीस हजारांना. माझ्या चार पाटल्या मोडल्या आणि उरलेले यांच्या पतसंस्थेतून उचलले. खरेदी झाली शंभर रुपयांच्या बाँडवर, नोटरीचा शिक्का मारून. विकणारा ओळखीचा होता, आजूबाजूला आमच्यासारख्याच नोकरदारांनी घेतले होते, त्यामुळे शंका आलीच नाही. सोळा वर्षं आम्ही दर पाडव्याला तिथं जाऊन नारळ फोडत होतो. मग घर बांधायचं ठरलं आणि कर्जासाठी बँकेत गेलो. बँकेच्या वकिलांनी दोन दिवसांत फाइल परत पाठवली. त्या गटाच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलं होतं आणि इतर हक्कांच्या रकान्यात दोन शब्द होते, खिदमतमाश इनाम. त्या दिवसापर्यंत मी तो शब्द ऐकला नव्हता. मी मराठी शिकवणारी बाई. विकणारे गृहस्थ तोवर वारले होते. त्यांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. त्यांनीही बाँडवरच घेतली होती.

हा शब्द प्रत्येक पहिल्या प्लॉटवाल्यापर्यंत गेला पाहिजे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात जमिनी इनाम दिल्या जायच्या आणि त्याच्या सनदेला मुंतखब म्हणायचे. इनामांचे प्रकार होते. एखाद्या माणसाच्या किंवा घराण्याच्या चरितार्थासाठी दिलेली जमीन ती मदतमाश. देऊळ, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी, दिवाबत्तीसाठी, पूजेअर्चेसाठी दिलेली ती खिदमतमाश. तिचं उत्पन्न सेवा करणाऱ्यानं खावं, पण जमीन त्याची नव्हे, देवाची. १९५४ च्या हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याच्या कायद्यानं बाकीची इनामं संपली. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची मात्र राहिली. म्हणजे माझ्या बाराशे फुटांचा मालक माझ्या जन्माआधीपासून एक देव होता, आणि मी त्याच जमिनीवर त्याला नारळ फोडत होते.

मदतमाशची गोष्ट वेगळी आहे. तिथं परवानगी आणि नजराणा भरून वाट निघते. २०२४ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन हा नजराणा बाजारभावाच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि मराठवाड्यातल्या हजारो घरांनी सुटकेचा श्वास टाकला. खिदमतमाशची वाट तितकी सोपी नाही. आणि वर्ग २ म्हणजे केवळ इनाम नव्हे. सीलिंगमध्ये वाटलेली जमीन, भूमिहीनांना दिलेलं गायरान, पुनर्वसनाची जमीन, असं बरंच काही त्या दोन अक्षरांखाली येतं. प्रत्येकाची अट निराळी, परवानगी देणारा अधिकारी निराळा. अलीकडच्या वर्षांत आपल्याकडे आणखी एक झालं. ज्यांच्या सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं वर्ग १ होतं, ज्यांनी रीतसर नोंदणी करून, मुद्रांक भरून खरेदी केली होती, अशाही लोकांच्या उताऱ्यावर जुनी दप्तरं तपासल्यावर वर्ग २ उमटलं. त्यांचा संताप मी समजू शकते. त्यांनी त्यांच्या बाजूनं सगळं केलं होतं. सरकारी दप्तरातला एक कागद दुसऱ्या कागदाशी सत्तर वर्षं बोललेला नव्हता.

आता त्या मुलाला मी काय सांगितलं ते लिहिते. दोन तास बसलो होतो. आपण ते वाचावं, कारण त्यातली निम्मी कामं त्याला आपल्याच कार्यालयांत करायची आहेत.

पहिलं त्याला विचारलं, कशासाठी घेतोस? राहायला की वाढायला? तो म्हणाला, दोन्ही. तिथंच पाय घसरतो. राहायचं असेल तर पाणी, रस्ता, शाळा आणि खालची माती बघायची. धाराशिवच्या नळाला पाणी उजनीहून येतं आणि ते रोज येत नाही. नव्या ले-आउटला ते कधी पोचेल हे नगरपालिकेत विचारायचं. चित्रात काढलेल्या टाकीवर विसंबायचं नाही. काळ्या रानातला प्लॉट स्वस्त वाटतो, पण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा म्हणजे स्वस्तात घेतलेले पैसे जमिनीखाली जातात. आषाढात एकदा जाऊन उभं राहावं, बूट किती रुततो ते बघावं. आणि वाढण्यासाठी घ्यायचा असेल तर हे धरून चालावं, की मोकळा प्लॉट दरमहा काही देत नाही. घर भाडं देतं, शेत पीक देतं, बँकेतली ठेव व्याज देते. मोकळा प्लॉट फक्त थांबतो, आणि तू त्याच्याबरोबर थांबायचं. घरात आजारपण आलं तर प्लॉट आठ दिवसांत विकला जात नाही. म्हणून सहाच्या सहा लाख त्यात घालू नकोस, एक वर्षाचा घरखर्च बाजूला ठेव. वरचा खर्चही धर. मुद्रांक शुल्क किमतीच्या पाच-सहा टक्के, नोंदणी फी एक टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार, शिवाय मोजणी, वकील, तारेचं कुंपण. पाच लाखांचा प्लॉट साडेपाचच्या पुढं जातो.

मग कागद. सातबारा आणि आठ-अ मोबाइलवर दिसतो. तो काढायचा आणि वरची नावं वाचून थांबायचं नाही, इतर हक्कांचा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. फेरफार मागं मागं जात वाचायचे, निदान तीस वर्षांचे. आपल्याकडे जुना खासरा आणि पाहणी पत्रकंही पाहावी लागतात, कारण इनामाचा उल्लेख पुष्कळदा तिथंच सापडतो आणि नव्या उताऱ्यावर उतरलेला नसतो. वारसांची नावं मोजायची. विकणारा भाऊ एकटाच सही करायला आला असेल तर बहिणी किती हे विचारायचं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मापासून हक्क २००५ च्या दुरुस्तीनं आला, आणि ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात नसला तरी तो हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीची सही नसेल तर आज ना उद्या नोटीस येते, आणि ती आली तर मला त्या बहिणीचं चुकलं असं वाटणार नाही.

बाँडवर घ्यायचं नाही. आता शंभराचा बाँड जाऊन पाचशेचा आला आहे, पण कागद महाग झाला म्हणून त्यानं मालकी येत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीचं खरेदीखत नोंदणी केल्याशिवाय होत नाही, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यात लिहिलेलं आहे. मुखत्यारपत्रावर ‘खरेदी’ केली तर मालक होता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं. आणि एक गोष्ट, जी आमच्या स्टाफरूममध्येही कुणाला ठाऊक नव्हती: दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवला याचा अर्थ विकणारा खरा मालक आहे असं त्यांनी तपासलं, असा होत नाही. दस्त नोंदवणं त्यांचं काम, मालकी शोधणं घेणाऱ्याचं.

त्याला मी एक सोपी परीक्षा सांगितली. कर्जाची गरज नसली तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत त्या प्लॉटवर कर्ज मागून बघ. बँकेचा वकील जे वाचतो ते तुझा एजंट वाचत नाही. बँकेनं फाइल परत केली तर तूही इसार परत माग. मला ही परीक्षा २००१ मध्ये कुणी सांगितली असती तर दोन दिवसांत सुटले असते.

ले-आउटबद्दलही विचारायचं. अंतिम मंजुरी आहे की तात्पुरती? अकृषिक आदेश झालेला असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख काय? विकास आराखड्यात ती जमीन पिवळ्या पट्ट्यात आहे की हिरव्या? त्यावर एखादं आरक्षण आहे का? ले-आउट पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि त्यात आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर महारेराची नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. त्या रंगीत चित्रावर तो क्रमांक नव्हता. नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही रेरा कायद्यात आहे.

इथवर तो लिहून घेत होता. मग त्यानं वही खाली ठेवली आणि म्हणाला, “बाई, एजंट म्हणतात तुमचं नाव अकरा गुंठ्यांत घालू.”

महोदय, ही पद्धत आपल्याला माहीत असेलच. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे ठरलं. एक-दोन गुंठ्यांचा शेतजमिनीचा तुकडा त्यामुळे खरेदी करता येत नाही. मग काय करतात, तर अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत करतात आणि त्यात सात-आठ घेणारे घालतात. कागदावर सगळे सामाईक मालक. जाग्यावर चुन्यानं रेघा मारून प्रत्येकाला त्याचा कोपरा दाखवतात. रेघ पहिल्या पावसात जाते. सातबाऱ्यावर आठ नावं राहतात, एकाचीही हद्द नाही. एकाला घर बांधायचं तर सात जणांची संमती, एकाला विकायचं तर सात जणांच्या सह्या, एक जण वारला की त्याचे पाच वारस. २०२५ मध्ये सरकारनं नागरी आणि विकास आराखड्याच्या हद्दीतल्या जुन्या तुकड्यांना मोकळीक दिली, ते चांगलंच झालं. पण ती जुन्यांसाठी. एजंट तिचा अर्थ ‘आता सगळं चालतंय’ असा सांगतात.

आणि या मुलाच्या बाबतीत तर आणखी एक अडचण. त्याच्या घरात कुणाच्याच नावावर शेती नाही. शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात शेतजमीन विकत घेता येत नाही. त्याला अकरा गुंठ्यांत नाव घालायचं म्हणजे आधी कुठून तरी शेतकरी असल्याचा दाखला उभा करायचा. तेही एजंट करून देणार होते. तो दाखला खोटा ठरला तर गुन्हा त्याच्यावर.

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे. ज्याच्या आजोबांकडे आठ-दहा एकर होती त्याच्याकडे शेतकऱ्याचा दाखला आहे, वकील ओळखीचा आहे, तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जाणं-येणं आहे. त्याला वाटा ठाऊक असतात. ज्याच्या आजोबांकडे काहीच नव्हतं, त्याच्यासाठी कायदेशीर वाट एकच उरते, मंजूर ले-आउटमधला अकृषिक प्लॉट. तो महाग असतो. त्याच्या सहा लाखांत तो शहराजवळ बसत नाही. मग तो बाँडकडे जातो, सामाईक अकरा गुंठ्यांकडे जातो, इनामी रानाकडे जातो. अशी जमीन बाजारात स्वस्त का असते, हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे जमीन नव्हती तेच सदोष कागदाचे गिऱ्हाईक होतात. मी शिकवलेल्या मुलांची तोंडं मला डोळ्यांसमोर दिसतात, म्हणून हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे माझं मागणं मोठं नाही. नवा कायदा मागत नाही, निधी मागत नाही. आपल्या अभिलेख कक्षात आणि तहसीलच्या दप्तरात प्रत्येक गावाच्या इनामी गटांची नोंद आहे. वर्ग २ च्या गटांची यादी आहे. रस्त्यासाठी, रेल्वेसाठी, महामार्गासाठी भूसंपादनात असलेल्या गटांची यादी आहे. अकृषिक आदेशांची आणि मंजूर ले-आउटची नोंदवही आहे. या चार याद्या गावागावानुसार मोठ्या अक्षरांत छापून तीन ठिकाणच्या भिंतीवर लावा: ग्रामपंचायत, तहसील आणि दुय्यम निबंधकांचं कार्यालय. यादीत नुसतं ‘वर्ग २’ लिहू नका. पुढं साध्या मराठीत लिहा, ही खिदमतमाश आहे, परवानगीशिवाय विकता येत नाही. ही मदतमाश आहे, नजराणा आणि परवानगीनंतर विकता येईल. हे वाटप झालेलं गायरान आहे, परवानगीशिवाय हस्तांतर नाही. ज्या गटांबद्दल वाद चालू आहे त्यांच्यापुढं ‘वाद चालू’ लिहा. घेणाऱ्याला तेवढंही पुरतं.

उतारे ऑनलाइन आहेत, असं उत्तर येईल. आहेत, आणि ते फार मोठं काम झालं आहे, मी स्वतः घरबसल्या काढते. पण ऑनलाइन उतारा त्यालाच सापडतो ज्याला गट नंबर माहीत आहे, आणि त्यालाच कळतो ज्याला इतर हक्क या शब्दांचा अर्थ माहीत आहे. त्याशिवाय मुंतखबं ऑनलाइन नाहीत. ती पुष्कळशी उर्दूत आहेत आणि ती वाचणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत. जी कुणी वाचू शकतात त्यांना बोलावून हे काम करून घ्या. दहा वर्षांनी करायचं म्हटलं तर माणूस मिळणार नाही.

यादी जाहीर केली तर जमिनीचे भाव पडतील, लोक चिडतील, असंही कुणी म्हणेल. ज्यांच्याकडे अशा जमिनी आज आहेत त्यांच्यातली मी एक आहे. माझ्या बाराशे फुटांची किंमत त्या यादीनं शून्य होईल. ती आजही शून्यच आहे, फक्त ते मला माहीत आहे आणि माझ्याकडून घेणाऱ्याला माहीत नसेल. तीन वेळा मला गिऱ्हाईक आलं. बाँडवर घेऊ म्हणाले, आम्ही पुढं बघून घेऊ म्हणाले. मी दिला नाही. पण माझ्या शेजारच्या प्लॉटवाल्यांना मुलीच्या लग्नाची घाई होती.

दुसरं मागणं आठवड्यातल्या एका दिवसाचं. बाजाराच्या दिवशी तहसीलमध्ये एक टेबल ठेवा. एक महसुली कर्मचारी, एक नगररचनेचा आणि एक भूमी अभिलेखचा. ज्याला जमीन घ्यायची आहे त्यानं गट नंबर घेऊन यावं, आणि तिघांनी त्याला त्या गटाबद्दल दप्तरात काय आहे तेवढं सांगावं. घे किंवा घेऊ नको हे सांगू नये, ते त्याचं तो ठरवील. आपण तुळजाभवानी मंदिर संस्थानचेही अध्यक्ष आहात. देवस्थानाच्या जमिनी राखणं आणि जमीन घेणाऱ्या गरिबाला राखणं या दोन्ही कामांची किल्ली त्यामुळे आपल्याच हातात आहे.

तो मुलगा परत चाकणला गेला. जाताना एजंटला फोन करून गट नंबर मागितला. दोन दिवस टाळाटाळ झाल्यावर तो मिळाला. मी उतारा काढला. त्यावर वर्ग १ आहे, इतर हक्क कोरे आहेत. पण फेरफार १९९४ च्या मागं ऑनलाइन दिसत नाहीत, आणि शेजारच्याच गटावर इनामाचा शेरा आहे. दोन्ही गट पूर्वी एकाच सर्व्हे नंबरात होते का, हे मला घरी बसून कळत नाही. मी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज दिला आहे. पोचपावती जवळ आहे.

अक्षय तृतीयेला अजून काही आठवडे आहेत. मुलाला रजा एकच दिवस मिळणार आहे. तो यायच्या आत ती नक्कल मिळावी, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, धाराशिव